मेथीच्या वाफ्यातले जंत

रायपूरच्या डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं आमच्या नातीचा डावा डोळा भल्ला वेळ तपासला. थेंब टाकले, दिवा मारला, पुन्हा थेंब टाकले, पुन्हा दिवा मारला. मग आमच्याकडे वळून विचारलं, "घरात कुत्रा आहे का?"

नात सात वर्षांची. त्या डोळ्यानं तिले फळ्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून भिलाईवरून तिले तिथं घेऊन गेलो होतो. मी सकाळपासून देवाचं नाव घेऊन राहिली होती. आणि आमचे हे? "आहे ना मॅडम!" म्हणून खिशातून मोबाइल काढला आणि बाईले फोटोच दाखवायले लागले. एक नातीच्या वाढदिवसाचा, कुत्र्याच्या डोक्यावर कागदाची टोपी. एक माझ्या सोफ्यावर पसरलेला. एक नातीच्या गादीत, तिच्याच पांघरुणात.

बाईनं तिन्ही फोटो पाहिले. हसली नाही. "जंताचं औषध कधी दिलं होतं याले?" ती हिंदीत बोलून राहिली होती, मी आपल्या मराठीत सांगते.

"इंजेक्शन सगळे टायमावर, मॅडम. कार्ड लॅमिनेट करून ठेवलं आहे."

"इंजेक्शनचं नाही विचारलं मी."

हे माझ्याकडे पाहायले लागले. मी पंख्याकडे.

आमच्या यांची नोकरी काय होती ते आधी सांगते, नाहीतर यातली मजा कळायची नाही. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये हे सेफ्टीत होते. उभा जन्म लोकांले हेल्मेट घाला, बूट घाला, खाली पाहून चाला, वर पाहून चाला, हेच सांगण्यात गेला. रिटायर होऊन नेहरू नगरात घर बांधलं तर घरातही तेच. गॅसजवळ पाटी, जिन्याजवळ पाटी, बाथरूमच्या दारावर 'फिसलन से सावधान'. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याले सांगणार, आग लागली तर कोणत्या दारानं पळायचं. आणि जेवताना यांचं एक ठरलेलं वाक्य, जे मी लग्नापासून ऐकत आली: "अवं, अपघात एकदम होत नसते. त्याच्या आधी कोणीतरी काहीतरी पाहिलेलं असते आणि गप्प बसलेलं असते." अपघात होता होता टळला तर त्याले प्लांटमध्ये नियर मिस म्हणत, आणि तो रजिस्टरमध्ये लिहिला नाही म्हणून यांनी किती जणांचा पाणउतारा केला असेल, देव जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

रिटायर झालेल्या माणसाले हुकूम सोडायले कोणी लागते. मी ऐकत नव्हती, सून ऐकत नव्हती, मुलगा सकाळीच हथखोजच्या कारखान्यात निघून जाई. म्हणून दिवाळीच्या सुमारास यांनी तिथल्याच एका ओळखीच्या कारखानदाराकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. पिवळ्या रंगाचं, कान लोंबलेलं. नाव इंग्रजी ठेवलं, हुकूम हिंदीत सोडले, लाड मराठीत केले. त्याले 'बेटा' आणि मले 'अवं'.

पिल्लाचं पोट हे एवढं होतं, मडक्यासारखं. बाकी अंगावर बरगड्या मोजून घ्या, पण पोट तट्ट. आमच्या गल्लीत जो येईल तो त्या पोटावर हात फिरवून म्हणे, "खात्यापित्या घरचं दिसते." एक बाई तर यांच्या पोटाकडे पाहून म्हणाली, "मालकावर गेलं आहे." आम्ही सगळे हसलो. ते पोट जंतांनी भरलेलं होतं, हे त्या हसणाऱ्यांत कोणाच्याच डोक्यात नाही आलं. माझ्याही नाही.

जनावरांच्या डॉक्टरनं मात्र पहिल्याच दिवशी पोट दाबून सांगतलं होतं. पिल्लू आईच्या पोटातूनच जंत घेऊन येते. आधी पंधरा-पंधरा दिवसांनी औषध, मग महिन्यानं, मग दर तीन महिन्यांनी, जन्मभर. त्यानं कार्ड दिलं. त्याच्यावर दोन रकाने होते, एक इंजेक्शनचा, एक जंताच्या औषधाचा. यांनी इंजेक्शनचा रकाना मन लावून भरला, कारण कुत्रा चावला तर माणूस मरते हे यांले माहीत. दुसऱ्या रकान्यात पहिलीच गोळी पेढ्यात घालून दिली. कुत्र्यानं पेढा खाल्ला, गोळी थुंकली. दोन दिवसांनी झाडताना मले ती सोफ्याखाली सापडली. मी दाखवली तर म्हणे, "जाऊ दे ना. एवढ्याशा जिवाले एवढी दवा कावून द्यायची? गरमी होते." मग कार्ड लॅमिनेट केलं. लॅमिनेट झालेल्या कार्डावर काही लिहिता येत नाही, त्यामुळे तो रकाना जन्माचा कोरा राहिला.

आमच्या घरात जंताबद्दल एकच कायदा होता: जंत गोडानं होतात. माझ्या आईचा हाच कायदा, तिच्या आईचाही हाच. नात झोपेत दात खायची. मी लगेच तिचा गूळ बंद केला, चॉकलेट बंद केलं, तिळाची चिक्की वरच्या फळीवर ठेवली आणि रोज सकाळी वावडिंगाचा काढा तिच्या नरड्यात ओतला. पोट्टी नाक दाबून, रडून रडून प्यायची. आणि त्याच वेळी अंगणात तिचे आजोबा कुत्र्याले जिलेबी चारत. कायदा फक्त माणसांच्या लेकरांले लागू होता.

सून रायपूरची. मोबाइलवर वाचते, विचारते. तिनं दोनदा सांगतलं, "आई, कुत्र्याले जंताची गोळी द्या ना. ही दिवसभर त्याच्यासोबत मातीत खेळून राहिली." आम्ही दोघांनी मिळून तिले अशी उडवली का विचारू नका! मी म्हणाली, "मोबाइलमधली डॉक्टरीण आली बाप्पा." आणि यांनी भंडाऱ्याकडचं आपलं गाव काढलं. "आमच्या घरी गाई, बैल, कुत्रे, बकऱ्या. आम्ही शेणात लोळून मोठे झालो. आमाले काय झालं?" हे ऐकायले भारी वाटते. यांचा एक भाऊ लहानपणीच गेला, पोट फुगून गेला, त्याले दीठ लागली होती असं घरात सांगतात. जे मोठे झाले तेच 'आमाले काय झालं' म्हणायले उरतात. हे मले आज सुचून राहिलं. तेव्हा मी हसत होती. सून पोळ्या लाटायले गेली.

आता माझी पाळी. यांच्यावर तोंडसुख घेणं सोपं आहे, आणि मले त्याची सवयही आहे.

घराच्या बाजूला दोन हात जागा आहे. तिथं मी भाजी लावते. लाल भाजी, मेथी, मुळा, कोथिंबीर. बाजारात भाजी धुतात त्या पाण्याचं वर्णन करकरून मी गल्लीतल्या बायांचं डोकं खात असे. "आमची घरची आहे बाई. औषध नाही, खत नाही, शुद्ध." कोणी आलं का जुडी हातात. जवळच्या दुर्ग शहरातल्या माहेरीही माझी मेथी जायची. नात माझ्यासोबत वाफ्यात बसे, मुळा उपटे आणि धुवायले नळाकडे जायले लागली का मीच म्हणे, "खा, घरचा आहे! बाजारचा असता तर धुतला असता." ती फ्रॉकले पुसे आणि कचकन तोडे. मी कौतुकानं पाहत राही.

आणि आमचे हे कुत्र्याले फिरवायले नेत होते, तेही सांगते. चपला घालून दारापर्यंत जात, दार उघडत, 'जाओ बेटा' म्हणत आणि पेपर घेऊन बसत. बेटा सरळ मेथीच्या वाफ्यात. मऊ माती, रोज पाणी घातलेली, त्याले दुसरीकडे जायची काय गरज? मी ओरडायची. हे म्हणत, "अवं, खतच आहे ना ते! फुकटचं मिळून राहिलं." मग मी खुरपीनं माती ओढून झाकून टाकत असे. मेथी त्या वर्षी खरंच तरारून आली होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. प्लांटच्या सेक्टरातल्या, नेहरू नगरातल्या मराठी बाया यायच्या. सगळ्या वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतात, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे घरच्या मेथीची जुडी मिळेल. त्या दिवशी सकाळी मेथी काढायले वाफ्यात गेली, तर कुत्रा नुकताच उठून गेला होता. त्यानं केलं होतं त्याच्यात शेवया होत्या. मले पहिल्यांदा शेवयाच वाटल्या, खरं सांगते. काल घरात शेवया केल्या होत्या का, याचा विचार करत उभी राहिली. मग त्यातली एक हलली.

अवो माय! अंगावर सर्रकन काटा आला. यांले हाक मारायले तोंड उघडलं. आणि तेवढ्यात डोक्यात हिशेब झाला. यांले सांगतलं तर हे पाटी लावतील. सुनेले सांगतलं तर 'मी म्हणत होती ना' असं तिनं न म्हणताही मले ऐकू येईल. आणि बायांले संध्याकाळी काय देऊ? वर्षभर ज्यांच्या बाजारच्या भाजीले मी नाकं मुरडली, त्यांले हे कळलं तर? मी इकडेतिकडे पाहिलं. खुरपी उचलली. वाफ्याची माती ओढली आणि वरून थापटली. मग दुसऱ्या कडेची मेथी काढली, चार पाण्यांनी धुतली, लाल दोऱ्यानं जुड्या बांधल्या. संध्याकाळी सगळ्या बायांनी नावाजलं. कोणालेच काही सांगतलं नाही.

दुपारी नातीनं त्याच वाफ्यातला मुळा उपटून खाल्ला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. थांबवलं असतं तर कावून थांबवलं ते सांगावं लागलं असतं.

मग उन्हाळा आला, शाळा सुटली, शाळा भरली. पोट्टी टीव्हीसमोर मान वाकडी करून बसायले लागली. पाणी ओतताना गिलासाच्या बाजूले ओतायची. मी तिले धडपडी म्हटलं, दोन धपाटेही घातले. मग कोणी म्हणे मोबाइलनं झालं, कोणी म्हणे गाजर द्या. एकीनं डोळ्यात गुलाबपाणी टाकायले सांगतलं, मी टाकलं. मीठ-मोहरीनं दीठ काढली, ती चुलीवर तडतड वाजली, मले बरं वाटलं. मग एक दिवस सुनेनं खेळता खेळता तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, "ही किती बोटं?" पोट्टी हसायले लागली. "मम्मी, मधात तर काळं आहे." सुनेनं तिथंच फोन काढून रायपूरच्या डॉक्टरचा नंबर लावला.

तर असे आम्ही रायपूरच्या त्या खुर्चीवर पोचलो होतो. डॉक्टरीणबाईनं समजावून सांगतलं. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत पडतात. डोळ्यानं दिसत नाहीत. दोन-चार आठवडे मातीत राहिली का तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं तिथं राहू शकतात. हाताले लागली, न धुतलेल्या भाजीले लागली, तोंडात गेली का पोटात फुटतात. माणसाच्या पोटात त्यांचा मोठा जंत होत नाही. जंताचं ते बारीक पिल्लूच अंगात वाट चुकल्यासारखं भटकते, आणि एखाद्या लेकराच्या नशिबी डोळ्यात जाऊन बसते. इथं ते बरोबर मधात बसलं होतं. सूज औषधानं उतरेल, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधात जो डाग पडला तो राहील.

"पण मॅडम, ती तर गोड खातच नाही!" हे म्हणाले.

बाईनं पेन खाली ठेवलं. "गोडाचा काय संबंध?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. तो कायदा माझ्या माहेरचाच होता. मी फक्त एक विचारलं, हे कोणत्या दिवशी झालं असेल, दिवाळीत, संक्रांतीत, का नंतर? बाई म्हणाली, ते कोणीच सांगू शकत नाही. हे वाक्य मी पदराले गाठ मारून घरी आणलं. आजही मन खायले लागलं का तेच काढते.

घरी आलो तर गल्ली गोळा. सगळ्यांले आता सगळं माहीत होतं. पोटावर हात फिरवणारी बाई म्हणाली, "मले तर तेव्हाच शंका आली होती." आणि समोरच्या घरातला एक शहाणा यांले कोपऱ्यात घेऊन सांगून राहिला, "भाऊ, कुत्र्याले गाडीत घाला आणि तिकडं खुर्सीपारच्या मजूरवस्तीत सोडून द्या, विषय खतम." मले राहवलं नाही. म्हटलं, "कावून जी, खुर्सीपारातल्या लेकरांले डोळे नसतात का?" तो "तसं नाही वहिनी, तसं नाही" करत चपला शोधायले लागला. कुत्रा घरीच राहिला. त्याले गोळी दिली, यावेळी सुनेनं, जबडा उघडून, पार आत. आता तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या तारखा आहेत, हे त्याले पट्टा बांधून बाहेर नेतात आणि हातात पिशवी घेऊन मागून उचलत चालतात. गल्ली हसते. हसू द्या.

माझा वाफा मीच बुजवून टाकला, वरून फरशी घातली. हळदीकुंकवाच्या बायांले फोन केले. म्हणाली, मेथी कच्ची कोणी खाल्ली नाही ना? कावून म्हणून विचारलं त्यांले सांगतलं, "कुत्र्याचं काहीतरी निघालं बाई, आमाले काय माहीत." तेवढंच सांगतलं.

यांनी मात्र वेगळंच केलं. एक दिवस दुपारी टेबलावर कागद घेऊन बसले, पट्टीनं रेघा मारल्या आणि प्लांटमध्ये भरत तसा अपघाताचा फॉर्म हिंदीत भरायले लागले. घटना. जागा. कारण: 'पालतू कुत्ते को कृमि की दवा न देना।' जिम्मेदार: स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.  मले हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्या माणसाची एवढी दया मले लग्नात कधी आली नव्हती.

मग वर न पाहता म्हणाले, "एक रकाना राहिला. घटनेच्या आधी कोणी काही पाहिलं होतं का?"

मी भांडे घासून राहिली होती. नळ सुरू होता. म्हटलं, "नाही जी. कोण पाहते वाफ्यात जाऊन?"

यांनी लिहिलं: 'किसी ने नहीं।' सही केली आणि फॉर्म त्या लॅमिनेट केलेल्या कार्डासोबत फाइलीत लावून टाकला.

डॉक्टरीणबाईनं सांगतलं आहे, चांगला डोळा रोज थोडा वेळ पट्टीनं झाकायचा, म्हणजे डावा आळशी होणार नाही, जेवढं उरलं तेवढं तरी टिकेल. ते काम माझ्याकडे आहे. शाळेतून आली का मी पट्टी लावते आणि तिच्यासमोर बसून मटाराच्या शेंगा सोलते, ती दाणे वेचते. परवा तशीच बसली होती. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"आजी, गंमत सांगू? तुझ्याकडे पाहिलं का तुझं तोंडच नाही दिसत. खाली तुझे हात दिसून राहिले फक्त."

मी हातातली शेंग टाकली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आता काहीच नाही दिसत," ती म्हणाली, आणि हसत हसत चाचपून पदरातून माझा हात ओढायले लागली.